जोखीम कुणाच्या डोक्यावर? लॅब्राडोर, १९०५

मोहिमा शिकवताना लिहितो त्या टिपणांत एरवी मी नावे झाकतो. इथे गरज नाही. घटनेला सव्वाशे वर्षे होत आली, त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाने रोजनिशी लिहिली आणि बऱ्याच रोजनिश्या पुढे छापल्याही गेल्या. एकाच नदीवर, एकाच दिवशी निघालेल्या दोन तुकड्या आणि त्याआधी दोन वर्षांपूर्वी त्याच भागात उपाशी मेलेला एक माणूस, असा तिहेरी नमुना मोहिमांच्या इतिहासात सहसा हाती लागत नाही. शिवाय त्यातल्या एका तुकडीची नेता बाई होती: मायना हबर्ड, त्या मेलेल्या माणसाची बायको. बहुतेक लोक गोष्ट तिच्या धाडसाची म्हणून सांगतात. मला त्यात दुसरेच काही दिसते, ते ओघात येईल.

पार्श्वभूमी

मायना बेन्सन. (उच्चार मायना असाच, आपल्या पत्राच्या मायन्यासारखा.) जन्म १८७० चा, कॅनडातल्या ऑन्टारियोत, शेतकऱ्याच्या घरी. ब्रुकलिनला जाऊन ती नर्स झाली. १९०० साली न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या रुग्णालयात टायफॉइडचा एक रोगी तिच्या देखरेखीखाली आला. तो लिओनायडस हबर्ड, तरुण पत्रकार, पुढे 'आउटिंग' या मासिकात काम करणारा. १९०१ च्या जानेवारीत दोघांनी लग्न केले.

लिओनायडसला नाव कमवायचे होते. त्यासाठी त्याने लॅब्राडोर निवडले. उत्तर अमेरिका खंडाच्या ईशान्य टोकाचा हा प्रदेश आज कॅनडात आहे. किनाऱ्यावर मासेमारांची वस्ती, आत सगळी खुरट्या स्प्रूसची झाडे, दलदल, हजारो तळी आणि खळाळत्या नद्या. हिवाळा ऑक्टोबरात दाराशी येतो. बेत असा होता की ग्रँड लेकच्या डोक्याला मिळणाऱ्या नास्कौपी नदीने वर चढायचे, मिचिकमाऊ हे मोठे सरोवर गाठायचे, पाणलोटाची धार ओलांडून जॉर्ज नदीत उतरायचे आणि तिच्याबरोबर उत्तरेला अन्गावाच्या उपसागरापर्यंत जायचे. वाटेत कॅरिबूंचे, म्हणजे तिकडच्या रेनडियरांचे, स्थलांतर पाहायचे आणि आतल्या भागातल्या नास्कापी लोकांना (तिथल्या मूळ रहिवासी इन्नूंचीच एक शाखा) भेटायचे.

बरोबर दोघेच. डिलन वॉलेस हा न्यूयॉर्कचा वकील, जवळचा मित्र. आणि वाटाड्या म्हणून जॉर्ज एल्सन, जेम्स बेकडचा, आई क्री, म्हणजे कॅनडातल्या एका मूळ रहिवासी जमातीची, आणि बाप स्कॉटिश. १५ जुलै १९०३ ला तिघे एका कनूतून, म्हणजे हलक्या निमुळत्या होडीतून, निघाले. जवळच्या नकाशात ग्रँड लेकच्या डोक्याला एकच नदी दाखवली होती. प्रत्यक्षात तिथे एकाहून अधिक नद्या येऊन मिळतात. नास्कौपीचे मुख आडोशाला राहिले आणि हे तिघे सुझन नावाच्या उथळ, दगडगोट्यांच्या ओढ्यात शिरले.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांना हा प्रकार चांगला ओळखीचा आहे. उतरायची नाळ, म्हणजे डोंगरातली अरुंद घळ, एकच आहे असे मनाशी पक्के धरायचे, पहिल्या दिसेल त्या नाळेत घुसायचे आणि तासाभराने शंका आली तरी 'एवढे उतरलोच आहोत तर' म्हणून पुढेच जात राहायचे. आपल्याकडे त्याची किंमत बहुधा एखाद्या रात्रीचा उघड्यावरचा मुक्काम एवढीच असते. लॅब्राडोरमध्ये तो प्रकार दोन महिने चालला. होडी आणि सामान पाठीवर वाहत सप्टेंबरात त्यांनी एका डोंगरावरून मिचिकमाऊ पाहिले. पण मधल्या तळ्यावर वाऱ्याने दिवसेंदिवस अडकवून ठेवले. १५ सप्टेंबरला परत फिरायचे ठरले, तेव्हा शिधा संपत आला होता. मासे धरायचे जाळे जुनेपुराणे होते, पाखरे मारायला शॉटगन बरोबर आणलीच नव्हती.

परतीच्या वाटेवर लिओनायडसला चालवेना. जाताना ओले झाले म्हणून टाकून दिलेले थोडे पीठ मागे एका जागी पडले होते. ते शोधायला वॉलेस आणि एल्सन निघाले. ऑक्टोबरच्या मध्यावर, बर्फ पडत असताना, लिओनायडस तंबूत एकटाच गेला. १८ तारखेनंतर त्याच्या रोजनिशीत काही नाही. वॉलेसला ते बुरसटलेले पीठ सापडले, पण बर्फात तंबू सापडला नाही. एल्सन एकटा चालत, ओंडक्यांचे तराफे बांधत, खाली फासेपारध्यांच्या घरापर्यंत पोचला. त्याने धाडलेल्या माणसांमुळे वॉलेस वाचला. त्या माणसांत गिल्बर्ट ब्लेक आणि डंकन मॅक्लीन हे दोन तरुण होते. ही नावे पुढे लागणार आहेत.

मायनाला बातमी कळली ती १९०४ च्या जानेवारीत, तारेने. मृतदेह रानातून बाहेर काढून आणला तोही एल्सननेच.

अडचण

मोहिमेचे पुस्तक वॉलेसने लिहावे, असे मायनानेच सुचवले होते. १९०५ च्या सुरुवातीला ते आले, गाजले आणि तिला ते झोंबले. त्यात आपला नवरा कमकुवत आणि जरा पोरकट दिसतो, असे तिला वाटले. तेवढ्यात वॉलेसने जाहीर केले की हबर्डचे अपुरे काम तो पुरे करणार, त्याच वाटेने.

तिच्या बाजूने पाहिले तर नवरा गेला, त्याचा दोष गेला नाही आणि आता त्याचे कामही दुसऱ्याच्या नावावर जमा होणार. पण हे झाले तिच्या मनातले. मोहिमेचा प्रश्न म्हणून मांडायचा तर अडचणी वेगळ्या होत्या. रस्ता कुणी मोजलेला नव्हता. बर्फ वितळून नद्या मोकळ्या होतात जूनच्या शेवटी, आणि अन्गावाच्या टोकाला हडसन्स बे या फर-व्यापारी कंपनीचे 'पेलिकन' जहाज वर्षातून एकदाच येते, ते ऑगस्टच्या अखेरीस येईल असा अंदाज. म्हणजे हाताशी दोन महिने. ते हुकले की हिवाळा तिथेच काढा. स्वतः तिला अशा प्रवासाचा अनुभव शून्य. आणि १९०५ साली चार पुरुषांबरोबर एकटी बाई रानात जाणार, यावर वर्तमानपत्रे काय लिहितील हे सांगायला नको.

पर्याय

कागदावर मांडले तर तिच्यापुढे तीन वाटा होत्या. नवऱ्याची रोजनिशी छापून वॉलेसला उत्तर द्यायचे, ही सर्वांत स्वस्त आणि सुरक्षित. पण 'तो मार्ग शक्य होता' हे रोजनिशीने सिद्ध होत नव्हते, उलट अपयशाचा पुरावा तीच होती. दुसरी वाट, पैसे देऊन एल्सनला पाठवायचे आणि त्याने केलेला नकाशा प्रसिद्ध करायचा. मोहिमेच्या दृष्टीने ही सर्वांत शहाणपणाची. मात्र त्या काळी क्री-स्कॉटिश वाटाड्याच्या शब्दाला वकिलाच्या पुस्तकासमोर वजन नव्हते. दुर्दैवाने तेही हिशेबात धरावे लागते. तिसरी वाट स्वतः जायची.

ती तिसऱ्या वाटेने गेली, पण दुसरीतला गाभा उचलून. मला हा या प्रकरणातला पहिला महत्त्वाचा निर्णय वाटतो. मोहीम तिची, पैसा तिचा, नाव तिचे. पण पाण्यावरचा आणि रानातला शब्द एल्सनचा. बेत तिने शक्य तितका गुप्त ठेवला.

काय केले: माणसे आणि सामान

एल्सनने आपल्या माहितीतली माणसे आणली. जोब चॅपीज हा क्री, फेसाळत्या पाण्यातला उस्ताद. जोसेफ आयसरहॉफ हा रशियन आणि क्री रक्ताचा. चौथा तो गिल्बर्ट ब्लेक, १९०३ च्या सुटका-तुकडीतला पोरगा. सापळे लावायला तो नास्कौपीने सील लेकपर्यंत जाऊन आलेला होता. म्हणजे रस्त्याचा पहिला टप्पा निदान एकाच्या पायाखालचा होता. १९०३ ला असा एकही माणूस नव्हता. (गंमत अशी की सुटका-तुकडीतला दुसरा पोरगा, डंकन मॅक्लीन, वॉलेसने घेतला. म्हणजे वाचवणारे दोन्हीकडे वाटले गेले.)

सामानाची यादी तिने नोंदवून ठेवली आहे आणि मोहिमेचे गणित शिकवताना ती मला फार उपयोगी पडते. १९ फुटी कनू दोन. पीठ ३९२ पौंड, म्हणजे पावणेदोन क्विंटलच्या वर. खारवलेले डुकराचे मांस २०० पौंड. साखर ६०, तांदूळ १५, चहा १२, चॉकलेट १२. रायफली दोन, जाळी दोन. एकूण शिधा साधारण ७५० पौंड, पाच माणसांना. शिकार मिळाली तर वरकड, नाही मिळाली तरी चालेल, असा हिशेब. १९०३ ला हेच उलटे होते. शिकार मिळेलच असे धरून शिधा बांधला होता. दोन्ही याद्यांमध्ये फरक माणसांच्या शौर्याचा नाही, पिठाचा आहे.

तिच्या स्वतःच्या सामानात तंबू वेगळा, कमरेला रिव्हॉल्व्हर आणि सुरी, अक्षांश घ्यायला सेक्स्टंट, दोन कॅमेरे आणि गरम पाण्याची रबरी पिशवी. या पिशवीवर हसणारे भेटतात. रोज ओल्या कपड्यांत झोपायला लागणाऱ्या माणसाने हसू नये.

नदी की पायवाट?

२७ जून १९०५ ला दोन्ही तुकड्या नॉर्थवेस्ट रिव्हर या व्यापारी ठाण्यावरून निघाल्या. एकमेकांशी बोलणे नाही.

नास्कौपीच्या खालच्या टप्प्यात धारा इतक्या जोराच्या आहेत की तिथले इन्नू लोक नदी सोडून आतल्या तळ्यातळ्यांतून जातात. वॉलेसने ही जुनी पायवाट धरली. तत्त्वतः बरोबरच होते, स्थानिक माणूस जातो ती वाट सोपी. पण वाट माहीत असलेला माणूस त्याच्याजवळ नव्हता. ती दाट झाडोऱ्यात हरवत राहिली, आणि दिवसच्या दिवस ती शोधण्यात गेले. एल्सनने शक्यतो नदी सोडली नाही. वासे टेकवत, दोर लावून काठाने ओढत, जमेल तिथे चढायचे आणि अगदीच न जमल्यास सामान पाठीवर घ्यायचे. काम जीवघेणे, पण नदी हरवत नाही. एकदा कनू उलटून काही सामान वाहून गेले. माणूस गेला नाही.

ऑगस्टच्या सुरुवातीला मायनाची तुकडी मिचिकमाऊवर होती. वॉलेसची तिथे पोचली सप्टेंबरात. तिथून त्याने तिघांना परत पाठवले आणि ईस्टन नावाच्या एका तरुणाला घेऊन तो पुढे गेला.

डोंगरावरचा दिवस

सगळे प्रकरण माझ्या मते या एका दिवसाभोवती फिरते.

निघाल्यापासून चौघांचे एक धोरण होते की मिसेस हबर्डना नजरेआड होऊ द्यायचे नाही. ओझी वाहायला दोघे पुढे गेले तर दोघे मागे. ती काठाने जरा लांब गेली की हाक. धारेच्या कडेला उभी राहिली की हाक. तिला हे जाचायचे. मोहीम आपली आणि डोंगरावर जायचे तर परवानगी काढायची? जुलैत एके दिवशी पुरुष ओझी वाहण्यात गुंतलेले पाहून ती गुपचूप निघाली आणि जवळच्या एका डोंगराच्या चढणीला लागली. वरून देखावा मिळेल, नकाशाला उपयोग होईल. आणि खरे सांगायचे तर निसटण्याची मजाही होती. तिने ते लपवलेले नाही.

खाली तिची शोधाशोध सुरू झाली. आधी हाका, मग पळापळ. धार जवळच होती, पाय घसरून पडली असावी ही पहिली शंका. काळ्या माश्यांचे दिवस. त्या चावून माणसाचे डोळे सुजवतात. अशात एकटी बाई रानात भरकटली तर फार काळ टिकणार नाही, हे चौघांनाही माहीत. लांबून त्यांची धावपळ दिसली तेव्हा तिला आधी हसू आले.

समोरासमोर आल्यावर हसू गेले. धिप्पाड, आयुष्य रानात काढलेली माणसे थरथरत होती. एल्सनला बोलता येईना. मग त्याने जे सांगितले त्याचा आशय असा की तुम्हाला काही झाले असते, तर आम्ही परत जाऊच शकलो नसतो. कुठल्या तोंडाने जाणार?

हे वाक्य भावनेपोटी आलेले नाही. शब्दशः घ्यावे लागते. १९०३ ला या माणसाबरोबर दोन गोरे आत गेले आणि त्यातला एक मेला. १९०५ ला त्याच माणसाबरोबर त्या मेलेल्याची बायको आत गेली आणि तीही मेली, असे झाले असते तर क्री, मिश्र रक्ताच्या चार वाटाड्यांचे कोण ऐकणार होते? कुणी मारले, कुणी सोडून दिले, चार पुरुषांत एकटी बाई होती, सगळे प्रश्न त्यांनाच. ती मेली असती तर मेली असती. हे चौघे जिवंत राहून रोज मेले असते.

म्हणून म्हणतो, नेता ती होती, पण मोहिमेची खरी जोखीम तिच्या डोक्यावर नव्हती. ती पगारावर आलेल्या माणसांच्या डोक्यावर होती. त्या क्षणापर्यंत तिच्या हे ध्यानातच आले नव्हते. त्यांची काळजी तिला पाळत वाटत होती.

त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. एकटी जाणार नाही, असा तिने शब्द दिला आणि पाळला. आणि डोंगरावर जायचे असेल तेव्हा सोबतीला कुणीतरी जाईल, असे ठरले. भांडण नाही, अपमान नाही, नियम बदलला. दोन्ही बाजू थोड्या सरकल्या. चौघांपैकी एकाचा टोमणाही तिने नोंदवून ठेवला आहे: आजवरच्या प्रवासांत बरोबर असलेल्या बायका सांगितलेले ऐकायच्या. तिने हा टोमणा स्वतःच्या पुस्तकात छापला, यातच काय ते आले.

दोन महिने की पाच मुक्काम?

८ ऑगस्टला पाणलोटाजवळ कॅरिबूंचे कळप भेटले, टेकड्यांच्या उतारांवर शेकड्यांनी. नवऱ्याला जे पाहायचे होते ते तिने पाहिले. मग पाणलोटाची धार ओलांडून ते जॉर्ज नदीला लागले आणि पाणी त्यांच्या दिशेने वाहू लागले. वर चढण्याचे श्रम संपले, पण घड्याळ पळत होते.

१७ तारखेला काठावर तंबू दिसले. मोंटान्ये, म्हणजे दक्षिणेकडच्या इन्नू लोकांचा तळ. बायका-मुलेच होती. पुरुष किनाऱ्याकडे व्यापाराला गेलेले. कनू पाहून बायका ओरडू लागल्या, इकडे येऊ नका, आमचे नवरे लांब आहेत, आम्हाला भीती वाटते. एल्सन आणि जोबने त्यांना कळेल अशा बोलीत उत्तर दिले, तेव्हा ओरडा थांबून हसणे सुरू झाले. मग मायनाच्या तुकडीने विचारले, समुद्राजवळचे ठाणे किती लांब? उत्तर आले: दोन महिने.

ऑगस्टचा मध्य उलटलेला. दोन महिने म्हणजे ऑक्टोबर, म्हणजे १९०३ ची पुनरावृत्ती. शिधा अजून होता, मागे फिरणेही शक्य होते. आलेली वाट निदान माहितीची होती. पुढे गेले आणि उत्तर खरे निघाले तर नदी गोठेपर्यंत ते अर्ध्या वाटेवर असणार. तिची निराशा तिने लपवलेली नाही.

ते पुढे गेले, आणि हा निर्णय मला योग्य वाटतो. कारण तिच्याजवळ दुसरे मोजमाप होते. सेक्स्टंटने घेतलेले अक्षांश होते, जॉर्ज नदीचे मुख कुठे आहे हे ठाऊक होते, रोज किती मैल पडतात याची नोंद होती. ती बेरीज 'दोन महिने' म्हणत नव्हती. शिवाय त्या बायका कुटुंबकबिल्यासह, मुक्काम करत, शिकार करत जाण्याचा काळ सांगत होत्या. आपल्याकडे गावातल्या म्हाताऱ्याला विचारावे, किल्ला किती लांब, आणि तो म्हणतो 'हा काय, विडी ओढेस्तोवर'. अंतर सांगणाऱ्याची चाल कोणती, हे विचारल्याशिवाय उत्तराला अर्थ नसतो.

तीन दिवसांनी नास्कापींचा तळ लागला. तोच प्रश्न. उत्तर: झपाट्याने गेलात तर पाच वेळा झोपाल.

पुढे सुमारे १३० मैल जवळजवळ सलग खळाळ. इथे मायनाला काहीच करायचे नव्हते, कनूत बसून राहायचे आणि घट्ट धरायचे. पुढच्या टोकाला जोब उभा राहून पाणी वाचत होता.

निष्पत्ती

२७ ऑगस्टला ते जॉर्ज रिव्हरच्या ठाण्यावर पोचले. ६१ दिवस, त्यातले प्रत्यक्ष चालीचे ४३, अंतर ५७६ मैल. ७५० पौंडांतला १५० पौंड शिधा शिल्लक, त्यात १०५ पौंड पीठ.

ओहोटीची वेळ, काठाला नुसता चिखल. ठाण्याचे मुख्य जॉन फोर्ड खाली आले. तिने पहिला प्रश्न विचारला, जहाज येऊन गेले का? फोर्ड म्हणाले, हो. तिच्या पोटात गोळा. मग उलगडा झाला, ते गेल्या वर्षीच्या सप्टेंबराबद्दल बोलत होते. यंदाचे अजून यायचे होते.

फोर्डांबरोबर ती घराकडे चढून गेली, मिसेस फोर्ड भेटल्या. आणि एकदम तिला आठवले की ते चौघे अजून खाली कनूपाशी चिखलात उभे आहेत आणि आपण एक शब्द न बोलता निघून आलो. ती धावत परत गेली, प्रत्येकाचा हात हातात घेतला. तिने लिहिले आहे की इथे आल्याबरोबर उलटापालट झाली, आजवर ती त्यांच्या स्वाधीन होती, आता ते तिच्या. डोंगरावरच्या त्या दिवशी तिला जे कळू लागले होते ते इथे पुरते कळले असावे, असे मी समजतो.

'पेलिकन' आले ते थेट ऑक्टोबरच्या उत्तरार्धात. घाई करून जहाज गाठण्याचा सगळा आटापिटा एका अर्थी फुकटच गेला, सातआठ आठवडे वाट पाहण्यात गेले. वॉलेस आणि ईस्टन पोचले १६ ऑक्टोबरला, जॉर्ज नदीच्या थंडगार पाण्यात कनू उलटून, जेमतेम वाचून.

तिचा नकाशा अमेरिकन जिऑग्राफिकल सोसायटीने छापला. नास्कौपी ही मिचिकमाऊचेच पाणी खाली आणते, हे त्यातून पक्के झाले. १९०८ ला तिचे पुस्तक निघाले. त्यात नवऱ्याची रोजनिशी आणि १९०३ बद्दल एल्सनने स्वतः लिहिलेली हकिकत तिने जोडली. वॉलेसचा उल्लेख मात्र तिने शक्य तेवढा गाळला.

वेगळे काय करता आले असते

डोंगरावरचा करार निघण्याआधीच व्हायला हवा होता. कोण कुठे एकटे जाऊ शकते, नेता हरवला तर बाकीच्यांनी किती वेळ शोधायचे, आणि मुख्य म्हणजे नेत्याचे काही बरेवाईट झाले तर बाकीच्यांची बाजू कोण मांडणार. एक सही केलेले पत्र ठाण्यावर ठेवून जाता आले असते: मी स्वेच्छेने जाते आहे, काही झाले तर या चौघांना जबाबदार धरू नये. त्याने सगळे मिटले नसते, पण एल्सनची झोप थोडी सुधारली असती. आजही हिमालयातल्या व्यावसायिक मोहिमांत माफीपत्रावर सही घेतात ती ग्राहकाची, आयोजकाला वाचवायला. शेर्पाच्या बाजूने असा कागद सहसा कुणी करत नाही.

वॉलेसशी अबोला हा सरळ तोटा होता. एकाच नदीवर दोन तुकड्या, एकाच दिवशी, आणि एकमेकींना धोक्याची खबर देण्याची सोय नाही. एका तुकडीवर संकट आले असते तर दुसरीला कळलेही नसते. राग खरा होता, मान्य. पण नदीवर तो बाजूला ठेवता आला असता.

तिसरा मुद्दा 'अज्ञात' या शब्दाचा. पुस्तकाच्या नावातच तो आहे. पण मोहिमेतली अनिश्चितता संपली ती नास्कापींच्या एका वाक्याने, पाच मुक्काम. ज्यांना त्या प्रदेशातले अंतर मुक्कामांत पाठ आहे त्यांना तो अज्ञात कसा? नकाशावर हबर्डच्या नावाचे सरोवर आले. इन्नूंची नावे विचारून लिहून घेता आली असती, एल्सन आणि जोब दुभाषे म्हणून हाताशी होतेच. तेव्हाच्या रीतीने पाहिले तर ही टीका अन्यायाची वाटेल. पण १९७० च्या दशकात चर्चिल फॉल्सच्या वीजप्रकल्पाने मिचिकमाऊ एका अजस्र जलाशयात बुडवले, तेव्हा कोणत्या जागेचे काय नाव होते हे जपणे इन्नूंना किती गरजेचे झाले, ते लक्षात घेतले की ती टीका तेवढी अन्यायाची वाटत नाही.

आणि एल्सनचे नाव. नकाशा तिचा, पुस्तक तिचे, व्याख्याने तिची. त्याची हकिकत तिने छापली हे त्या काळाच्या मानाने बरेच झाले. पण 'नेता' हा शब्द त्या नदीवर कुणाला लागू होता, हा प्रश्न मी वर्गात टाकतो तेव्हा दरवेळी खोली दोन गटांत वाटली जाते आणि मी मिटवत नाही.

मायना पुढे इंग्लंडमध्ये स्थायिक झाली, दुसरे लग्न, तीन मुले. १९३६ मध्ये, वयाची पासष्टी उलटल्यावर, ती कॅनडात परत आली आणि मूस नदीवर कनूने गेली. बरोबर जॉर्ज एल्सन होता.